परतीची मजुरी

पहाटे तीनला भिंतीवर दोन थापा पडतात.
बाबांना जायचंय.

पलंगापासून संडासापर्यंत माझी अकरा पावलं.
त्यांची चाळीस,
आणि मधे एक उंबरा,
ज्यावर मी पिवळी पट्टी चिकटवलीय
रस्त्यात खोदकाम चालू असल्यासारखी.

गालिचा गुंडाळून ठेवला तेव्हा म्हणाले,
तुझ्या आईनं मालात्याहून आणलेला.
मी म्हटलं, पाय अडकतो.
दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी उघड्या फरशीकडे बघून,
"घर भाड्यानं द्यायचंय का?"

एमिन्योन्यूच्या धक्क्यावर बाबा हमाल होते.
पाठीवर चामड्याचं खोगीर, चाळीस वर्षं.
कापडाचे तागे, शिलाईयंत्रं, साबणाच्या पेट्या,
एकदा दातांच्या डॉक्टरची अख्खी खुर्ची,
गलाताचा चढ चढून पाचव्या मजल्यावर,
ओरखडा न पडता.
तो न पडलेला ओरखडा
ते अजून लोकांना दाखवतात.

आता स्वतः अठ्ठेचाळीस किलो.
"एवढ्यासाठी मी खोगीर बांधलं नसतं."

दवाखान्यातल्या मुलीनं मला एक कागद दिला होता,
चित्रांचा, बाणांचा.
बाबांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि परत केला.
"हिनं कधी फ्रीज उचललाय?"
मग पलंगाच्या कडेला बसून
स्वतःवरच शिकवलं मला:
कमरेत नाही, गुडघ्यात वाक.
काखेत हात घालून ओढू नकोस, पोतं तिथंच उसवतं.
अंगाशी घे. लांब धरलेलं ओझं दुप्पट होतं.
आणि उचलायच्या आधी त्याला सांग.
कपाटालासुद्धा सांगायचं.
न सांगता उचललेलं बिथरतं.

म्हणून सांगते: बाबा, तीन म्हटल्यावर उठायचं.
एक.
दोनलाच उठतात. दर वेळी.

माझं नाव दॉन्द्यू. आमच्या भाषेत, "वळली".
तीन मुलींनंतर मी झाले,
आता तरी नशीब वळावं म्हणून ठेवलेलं नाव.
वळलं नाही. माझ्यामागून येतेर आली,
तिच्या नावाचा अर्थ "पुरे".
सात वर्षांची असताना मी खोगिरात हात घातले होते.
आतून घाम आणि गवताचा वास.
बाबांनी ते काढून घेतलं,
"पोरींची पाठ यासाठी नसते."
कशासाठी असते, ते मात्र सांगायचं राहिलं.

बोळाच्या टोकाशी कोपरा.
मी उलटी चालतेय, त्यांचे दोन्ही हात माझ्या कोपरांवर,
पायांत रबरी तळव्यांचे मोजे, येतेरनं पाठवलेले,
भिंतीशी संत्र्याएवढा दिवा.
"डावा खांदा आधी," ते म्हणतात,
"चौकटीशी भांडायचं नसतं, तिरकं व्हायचं."
मी तिरकी होते.
"दॉन्द्यू," ते म्हणतात.
हाक मारली,
की वळण पार पडलं म्हणून पुढच्या हमालाला सांगितलं,
विचारायला हवं कधीतरी.

दारात मांजर पसरलंय.
"बाजूला! ओझं येतंय!"
धक्क्यावरची आरोळी, पण कुजबुजत,
खालच्या मजल्यावर तान्हं मूल आहे.
मांजर शेपूट हलवतं, बाकी काही हलवत नाही.
आम्ही थांबतो. त्यांचा श्वास माझ्या कानाशी,
जिना चढल्यासारखा.

संडासातल्या दांडीला ते आधी हिसका देतात.
"कुणी बसवली?"
मी.
"स्क्रू अजून बोटभर लांब हवे होते."
मग तिच्यावर सगळा भार टाकून बसतात.

मी बाहेर उभी, दाराकडे पाठ.
दार लोटलेलं, कडी काढून टाकलीय,
त्यावरून झालेलं भांडण जुनं झालं आता.
बंदराच्या बाजूनं कुठलातरी भोंगा वाजतो,
आतून ते लगेच सांगतात, मालवाहू, रिकामी, वर तरंगतेय.
एवढं भोंग्यावरून कळतं?
"कळतं."

बराच वेळ काही नाही. नळ. पुन्हा काही नाही.
"झालं," ते म्हणतात.
"पण परतीची मजुरी वेगळी असते, आधीच सांगून ठेवतो."

कोण देणार, बाबा?

"ते उतरवल्यावर बघू."